साहेब मूळचे कुठले

सर्वांत मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. शाळेतल्या इतिहासाच्या बाईंचं. आई-वडिलांचं ऋण वेगळं, त्याचा हिशेब कुणी करत नाही. पण वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं आणि मला आयटीआयला घालायचं जवळजवळ ठरलं होतं. बाई एका संध्याकाळी घरी आल्या, ओट्यावर बसल्या, चहा नको म्हणाल्या आणि वडिलांना एवढंच बोलल्या, "हा पुढे शिकेल. नाही शिकला तर मला येऊन विचारा." वडिलांनी मान हलवली. आमच्या तालुक्यात बाईंशी वाद घालणारं कुणी नव्हतं. पुढची दोन वर्षं मी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून अभ्यास केला, कारण आमची एकच खोली होती आणि माणसं भरपूर होती. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जिल्ह्याच्या गावी एसटीने त्या माझ्याबरोबर आल्या, आणि तिथल्या कारकुनाने मला अरेतुरे केल्यावर त्याला सगळ्यांसमोर झापलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बाईंवर बराच वैतागलेला दिसणार आहे. वैताग खरा आहे. पण तो कशावर उभा आहे तेही कळावं.

२०१४ साली मी सिंगापुरात होतो. जुरोंग आयलंडवर एका रसायनांच्या प्लँटचं विस्ताराचं काम चाललं होतं, तिथे मी इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. सकाळी कंपनीची बस, गेटवर पास, दिवसभर हेल्मेट, संध्याकाळी क्लेमेंटीला आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर परत. दर रविवारी मी बाईंना फोन करायचो. त्या रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण रिटायर झालेल्या माणसासारख्या त्या कधी बोलल्या नाहीत.

जूनमधल्या एका रविवारी त्यांनी मला विचारलं, "तू त्यांच्यात बसतोस ना रे?"

"कुणाच्यात बाई?"

"इंग्रजांच्यात."

"बसतो म्हणजे, ऑफिसात आहेत चारपाच."

"मग विचार त्यांना. पुस्तकं मी वाचली. मला माणसाच्या तोंडून हवंय."

मग सगळं कळलं. शाळेची संस्था नववीच्या मुलांसाठी एक पूरक पुस्तिका छापणार होती आणि त्यात बाईंनी एक प्रकरण लिहिलं होतं, आपल्यावर राज्य करणारे हे लोक मुळात होते कोण. आपण सगळ्यांनाच इंग्रज म्हणतो. पण राज्य चालवायला आलेल्यांत इंग्लिश होते तसे स्कॉट होते, वेल्श होते, आयरिश होते, आणि ते एकमेकांना एक समजत नव्हते, हे मुलांना कळावं असं बाईंना वाटत होतं. नव्या हेडमास्तरांना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, इंग्रज म्हणजे इंग्रज, मुलांना उगाच घोळात कशाला पाडायचं, प्रकरण काढून टाका. बाईंनी त्यांना सांगितलं होतं की माझा विद्यार्थी सिंगापुरात खुद्द त्या लोकांबरोबर काम करतो, तो खात्री करून देईल. हेडमास्तर म्हणाले, ठीक आहे, खात्री आली तर प्रकरण राहील.

म्हणजे प्रकरण राहणार की जाणार हे माझ्यावर आलं.

बाईंच्या भाच्याने मला त्या प्रकरणाचे फोटो पाठवले. अक्षर तेच, फळ्यावरचं. शेवटी स्वाध्याय होता, 'जोड्या लावा'. डाव्या बाजूला इंग्लिश, स्कॉट, वेल्श, आयरिश. उजव्या बाजूला 'जर्मनीकडच्या किनाऱ्यावरून होड्यांतून आलेले', 'उत्तरेच्या डोंगरातले मूळ रहिवासी', 'बेटावरचे सर्वांत जुने, पश्चिमेला ढकलले गेलेले' आणि 'शेजारच्या बेटावरचे'. प्रत्येक जोडीखाली एक ओळ रिकामी होती. तिथे मी एकेका खऱ्या माणसाचं उदाहरण द्यायचं होतं. बाईंना उत्तरात 'वगैरे' चालत नसे. 'वगैरे म्हणजे तुला पुढचं येत नाही,' असं म्हणून त्या अर्धा मार्क कापायच्या. तेव्हा रिकाम्या ओळी खरोखर भरायच्या होत्या.

मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

मी कामाला लागलो तो आपल्या पद्धतीने. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नवा माणूस भेटला की आपण आधी आडनाव विचारतो, मग मूळचे कुठले, आणि तिसऱ्या प्रश्नाला गाडी कुलदैवतापर्यंत पोचते. आडनाव कळलं की निम्मा माणूस कळला असं आपण धरून चालतो. तेच मी केलं. कुणाला काही विचारायच्या आधी ऑफिसच्या फोन यादीवरून गोऱ्यांची आडनावं घेतली, इंटरनेटवर शोधली आणि प्रत्येकाला आपापल्या घरात बसवून टाकलं. कमिशनिंगच्या, म्हणजे प्लँट चालू करून देणाऱ्या विभागाच्या प्रमुखाचं आडनाव 'मॅक'ने सुरू होणारं, तो स्कॉट. सेफ्टी ऑफिसरचं आडनाव कुठल्याही इंग्रजी धड्यात सापडेल असं साधं, तो इंग्लिश. पत्ते लावून झाले. आता फक्त होकार घ्यायचा होता.

पहिला गाठला तो मॅकवाला. कँटीनमध्ये तो नासी लमाक, तिथला नारळाच्या दुधातला भात, खात होता. मी समोर बसलो आणि तयारी दाखवावी म्हणून विषय काढला. सप्टेंबरात स्कॉटलंडमध्ये सार्वमत होणार होतं, ब्रिटनमध्ये राहायचं की वेगळं व्हायचं. म्हटलं, "तुमच्या देशात मोठा निर्णय होतोय. तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या देशात?" त्याने चमचा खाली ठेवला. "मी लंडनच्या दक्षिणेचा आहे."

"पण तुमचं आडनाव..."

"आजोबांचे आजोबा तिकडून आले म्हणतात. मी एकदाच गेलोय तिथे. पाऊस होता. मी इंग्लिश आहे."

मी लगेच वही उघडली. स्कॉट गेला, पण इंग्लिश तर मिळाला. विचारलं, "मग इंग्लिश मूळचे कोण? जर्मनीकडून आलेले ना?"

"मला काय माहीत? माझी आई नॉरफोकची. तिच्या गावाचं नाव म्हणे डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी ठेवलेलं. आणि फ्रान्सकडून आलेल्यांनी आमच्यावर राज्य केलं ते वेगळंच. तू असं कर, ब्रिटिश लिही. पासवर तेच आहे. मिटली भानगड."

मिटली कुठली. बाईंच्या स्वाध्यायात ब्रिटिश नावाची ओळच नव्हती.

दुसरा सेफ्टी ऑफिसर. त्याला मी इंग्लिश ठरवून गेलो आणि त्याने मला शिडी कशी धरावी हे समजावतात तशा थंडपणे सांगितलं की तो वेल्श आहे. आमच्याकडे आडनावं अशीच असतात, तीनचार आडनावांत अर्धा देश, म्हणाला. मग मला खुर्चीत बसवून त्याने दुपारची मीटिंग चुकेल इतका वेळ व्याख्यान दिलं. बेट मुळात त्यांचं. रोमन आले आणि गेले. मग पूर्वेकडून होड्या आल्या, आणि होड्यांतून आलेल्या त्या लोकांनी यांना यांच्याच घरात परके म्हणायला सुरुवात केली. वेल्श या शब्दाचा अर्थच मुळात परका. मी भराभर लिहून घेत होतो. बाईंचं वाक्य शब्दाला शब्द जुळत होतं. सर्वांत जुने, पश्चिमेला ढकलले गेलेले.

उठता उठता मी खात्रीसाठी विचारलं, "म्हणजे तुमचं घराणं त्या मूळ लोकांचं."

"माझं? छे. आईची आई आयरिश. वडिलांचे वडील स्पेनचे, जहाजावर बॉयलरला कोळसा घालायचे, आमच्या बंदरात उतरले आणि राहिले."

"मग तुम्ही वेल्श कसे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी विचित्र बोललो. "मी तिथे वाढलो. आईशी आमच्या भाषेत बोलतो."

"म्हणजे भाषेमुळे."

"नाही नाही. माझ्या भावाला त्या भाषेचा एक शब्द येत नाही, आणि तो माझ्यापेक्षा जास्त वेल्श आहे. त्याला विचार, सांगेल तुला."

पाइपिंगला एक उत्तर आयर्लंडचा होता. त्याच्याकडे दोन पासपोर्ट होते, एक ब्रिटिश, एक आयरिश. मी विचारल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "कुठल्या उत्तराने तुला बरं वाटेल?" त्याची ओळ मी तशीच सोडली.

आमच्या ऑफिसात प्लॅनिंगला एक सिंगापूरकर बाई होत्या, चिनी वंशाच्या. माझी ही वणवण त्या महिनाभर बघत होत्या. एके दिवशी म्हणाल्या, "कशाला डोकं फोडून घेतोस? सगळे अँग मो. सेम-सेम लाह." अँग मो म्हणजे गोरा. सिंगापुरात तेवढ्यावर काम भागतं. घरी बायकोचंही तेच. "अहो, गोरे आले, राज्य केलं, गेले. त्यात मूळ-बिळ काय शोधताय? आणि तुमचं मूळ तरी कुणाला कळतंय? परवा मंडळात त्या पुण्याच्या काकूंनी विचारलं ना, खानदेशचे म्हणजे घरी गुजराती बोलता का? तेव्हा कसे लाल झालात."

मी म्हटलं, ते वेगळं.

"कसं वेगळं?"

मी चिडून वही उचलली आणि दुसऱ्या खोलीत गेलो.

आता उरला माझा साहेब, प्रोजेक्ट मॅनेजर. तो स्कॉट आहे हे मला आडनावावरून शोधावं लागलं नव्हतं. तो बोलायला लागला की कळायचं, कारण पहिले सहा महिने मला त्याचं निम्मं बोलणं समजत नव्हतं. अ‍ॅबर्डीनच्या जवळचा, तेलाच्या धंद्यात आयुष्य काढलेला, बरीच वर्षं सिंगापुरात. बाईंची निदान एक ओळ इथे सरळ भरली जाणार होती. उत्तरेच्या डोंगरातले मूळ रहिवासी.

"कोण म्हणतं?" साहेब म्हणाला.

"माझ्या बाई."

"तुझ्या बाईंना सांग, स्कॉट आले आयर्लंडहून. समुद्र ओलांडून. तिथे आधी दुसरेच लोक होते, त्यांचं पुढे काय झालं ते नीट कुणालाच माहीत नाही, आमच्यातच मिसळून गेले. दक्षिणेकडे तर इंग्लिश लोकांचेच भाऊबंद होते. आणि वरची बेटं नॉर्वेवाल्यांची. माझी आजी तिथली."

"सर, मग स्कॉट कोण?"

"मी."

एवढंच. मी थांबलो, पुढे काही येईल म्हणून. पुढे आलं ते वेगळंच. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि सार्वमतावर बोलायला लागला. त्याला मत नव्हतं. तिथे जन्मला, तिथे शिकला, आई-वडील तिथल्या मातीत पुरलेले, पण राहतो सिंगापुरात म्हणून मत नाही. माझ्या देशाचं काय करायचं हे मला कुणी विचारणार नाही, म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा इतका सावकाश बोलला की मला प्रत्येक शब्द कळला.

त्याच आठवड्यात माझ्या कॉलेजातल्या मित्राचा फोन आला. आम्ही एका बाकावर बसलेले, तोही खानदेशातलाच. योगायोग असा की तो दोन वर्षांपासून अ‍ॅबर्डीनमध्येच तेलाच्या कामावर होता.

"अरे, मला मतदानाचं कार्ड आलंय," तो म्हणाला.

"कशाचं?"

"ते वेगळं व्हायचंय ना ह्यांना, त्याचं."

"तुझा काय संबंध?"

"राहतो ना इथे. कॉमनवेल्थवाल्याला चालतं म्हणे. मी गल्लीतल्या दुकानदाराला दोनदा विचारून खात्री केली. बायकोलाही आलंय."

"तुला तिथल्या थंडीबद्दल सोडून काही माहिती आहे का?"

"म्हणून तर तुला फोन केला. तुझा साहेब इथलाच ना? त्याला विचार की हो म्हणू का नाही. तो सांगेल तसं टाकतो. नाहीतरी मला काही पडलेली नाही."

मी हे साहेबाला विचारावं की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी विचारलं, कारण मला वाटलं, याला मत नाही, मित्राला मत आहे पण पडलेली नाही, दोघांची सोय होते. इतका सरळ विचार मी आता करणार नाही.

साहेबाने हातातली फाइल मिटली. मग म्हणाला, "त्याला सांग, त्याचं त्याने ठरवावं. तो तिथे राहतो." आणि त्या दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. दुसऱ्या दिवशी बसमधून उतरताना मात्र मागून आला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या मित्राच्या घरी हीटर नीट चालतो का? तिथे सप्टेंबरपासूनच लागतो." मी चालतो म्हणालो. मला माहीत नव्हतं.

सार्वमत झालं. त्यांनी राहायचं ठरवलं. बाईंचा फोन आता रविवारची वाट बघत नव्हता.

"काय झालं?"

"बाई, जरा गुंतागुंत आहे."

"गुंतागुंत हे उत्तर झालं का? छापखाना थांबलाय. तो हेडमास्तर रोज येता-जाता विचारतो, आलं का हो सिंगापूरचं? हसतो वर."

"बाई, ते लोक स्वतःच एक सांगत नाहीत."

"त्यांना सांगता येत नसेल. तू सांग. तुला कशासाठी शिकवलं?"

हे वाक्य त्यांनी मला यापूर्वी कधी ऐकवलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि जेवायला बसलो नाही. बायको म्हणाली, "लिहून द्या चार ओळी. मॅकवाला स्कॉट, तो दुसरा वेल्श, झालं. तिथे कोण तपासायला येणार आहे?"

कुणीच येणार नव्हतं. बाई तर नाहीच नाही. मी लिहिलेलं उत्तर त्यांनी बारावीनंतर कधी तपासलं नव्हतं, आणि नेमकी तीच अडचण होती. चार ओळींत त्यांचं प्रकरण वाचत होतं, हेडमास्तरांचं हसू बंद होत होतं, आणि खोटं आहे हे सिंगापुरात मला आणि क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटमध्ये माझ्या बायकोला, एवढ्यांनाच माहीत असणार होतं. शिवाय मी त्यांना आयुष्यात कधी 'बाई, तुमचं चुकलं' असं म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

रविवारी मी बाईंना पत्र लिहिलं. मोबाइलवरचं लांबलचक त्या वाचत नाहीत. ते असं होतं.

आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

जोड्या लागत नाहीत. मी चार महिने प्रयत्न केला. ज्याला मी आडनावावरून स्कॉट समजलो तो इंग्लिश निघाला आणि त्याला आपण इंग्लिश का ते सांगता येत नाही. वेल्श माणसाने त्यांचा जुना इतिहास तुमच्यासारखाच सांगितला, पण त्याच्या स्वतःच्या अंगात आयरिश आणि स्पॅनिश रक्त आहे. माझा साहेब पक्का स्कॉट, आणि तोच म्हणतो की स्कॉट मूळचे आयर्लंडचे. मी नंतर पुस्तकांत पाहिलं, तो बरोबर आहे. तेव्हा 'उत्तरेच्या डोंगरातले मूळ रहिवासी' हे तुमचं वाक्य चूक आहे. ते काढा. हे मी तुम्हाला लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाही.

त्या लोकांवर मी फार चिडलो आहे. सोपा प्रश्न विचारला तर सरळ उत्तर नाही, आणि उत्तर नसूनही प्रत्येकजण ठाम. साहेबाला विचारलं स्कॉट कोण, तर म्हणाला मी. त्याला आपल्या देशासाठी मत देता आलं नाही आणि आपल्या तालुक्याशेजारचा माझा मित्र, तुम्ही त्याला विज्ञान प्रदर्शनात बघितलं होतं, तो जाऊन मत देऊन आला. ही गोष्ट कुठल्या रकान्यात घालू?

तुमचं प्रकरण मला बरोबर वाटतं. इंग्रज एक नव्हते, हे मुलांना कळलंच पाहिजे. चूक फक्त शेवटच्या पानाची आहे. तिथे जोड्या नकोत. तिथे ह्या तिघांनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं छापा, नावं न घालता, आणि खाली मुलांना विचारा की तुम्ही स्वतः कोण आहात ते कशावरून ठरवता. मार्क कसे द्यायचे ते मला माहीत नाही.

हेडमास्तर ह्याला खात्री म्हणणार नाहीत. ते प्रकरण काढतील, हे मला दिसतंय. काढू द्या. पण चुकीची चार वाक्यं भरून ते टिकवायचं असेल तर माझा दाखला देऊ नका. तुम्ही विचारलंत, तुला कशासाठी शिकवलं. मला वाटतं, ह्यासाठीच. उद्धटपणा वाटला तर रागवा.

रविवारी नेहमीच्या वेळी फोन करतो. बोलायचं नसेल तर उचलू नका. मी सोमवारी करीन, मंगळवारी करीन.